दहा मिनिटांचा पाहुणा

टेंभुर्णीच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून छपरांकडे पाहा. पत्र्यावर, गच्चीवर, जनावरांच्या गोठ्यावर, जिथे जिथे टीव्हीची डिश आहे तिथे तिचं तोंड जवळपास एकाच दिशेला आहे. दक्षिणेकडून थोडं पूर्वेला कललेलं. डिशवाला एकदा येतो, दिशा साधतो, नट आवळतो आणि जातो. वादळाने हलवली नाही तर ती डिश पुढची दहा वर्षं तशीच राहते. कारण टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहेत आणि पृथ्वी जितक्या वेळात स्वतःभोवती फिरते, तितक्याच वेळात तेही एक फेरी पुरी करतात. आपल्याला ते जागेवर खिळल्यासारखे वाटतात.

पण त्याच आभाळातून दुसऱ्या प्रकारचे उपग्रहही जातात. ते जमिनीपासून जेमतेम पाचशे किलोमीटरवर असतात आणि सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर पळतात. उत्तरेच्या क्षितिजावर उगवतात, डोक्यावरून जातात आणि दहाएक मिनिटांत दक्षिणेला मावळतात. खिळलेल्या डिशला ते कधीच ऐकू येत नाहीत. त्यांच्यासाठी अँटेनालाच मान वळवावी लागते.

मान वळवण्याची ही गोष्ट आहे. तिचा बराचसा भाग अमेरिकेत किंवा रशियात घडला असेल असं वाटतं. तिथे घडलाच, पण तिचे काही महत्त्वाचे तुकडे टेंभुर्णीपासून एसटीने एका दिवसात पोचता येईल इतक्या अंतरावर घडले आहेत. एक तर थेट जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. जालना म्हटलं की ‘सोन्याचा पाळणा’ आठवतो, स्टीलच्या मिल आठवतात, बियाण्यांच्या कंपन्या आठवतात. मात्र केंद्र सरकारच्या बिनतारी देखरेख यंत्रणेचं आंतरराष्ट्रीय उपग्रह देखरेख केंद्र जालन्यात आहे, हे जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. कोणता उपग्रह कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो आहे, कुणी दुसऱ्याच्या बोलण्यात अडथळा आणतंय का, यावर कान ठेवणं हे त्या केंद्राचं काम.

“आलं का?” “गेलं!”

१९७१ साली पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या आर्वी गावात भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र सुरू झालं. परदेशाशी टेलिफोन आणि टेलेक्सने बोलण्यासाठी ते बांधलं होतं. त्याच वर्षी ३० डिसेंबरला विक्रम साराभाई गेले आणि केंद्राला त्यांचं नाव मिळालं. अशा केंद्राचं तंत्र शिकण्याचं काम त्याआधी, १९६७पासून अहमदाबादच्या प्रायोगिक भू-केंद्रात चालू होतं.

आर्वीच्या डिशचा व्यास होता २९.७ मीटर. एवढी मोठी, कारण तेव्हाच्या उपग्रहांचा आवाज फार क्षीण होता आणि जितकं भांडं मोठं, तितकं जास्त पाणी जमतं. पण मोठ्या भांड्याची एक अडचण असते. डिश जितकी मोठी, तितकी तिची नजर अरुंद. साडेसात सेंटीमीटर लांबीच्या रेडिओलहरी घेणाऱ्या तीस मीटरच्या डिशची नजर अंशाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी रुंद असते. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणजे चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. आणि ‘स्थिर’ म्हणवणारे उपग्रह खरं तर पुरते स्थिर नसतात. चंद्र-सूर्याच्या ओढीने ते जागच्या जागी हलके डोलतात. तेवढ्या डोलण्यानेही ते आर्वीच्या नजरेबाहेर जाऊ शकत. म्हणून शेकडो टनांच्या त्या अवजड यंत्राला अंशाच्या बारीकशा हिश्श्याने हलायला शिकवावं लागलं.

हे कसं करतात, ते समजायला १९८०च्या दशकातली घरं आठवावीत. तुम्ही पाहिली नसतील, पण आई-बाबांना विचारा. छपरावर दूरदर्शनची काड्यांची अँटेना असे. चित्र मुंग्यामुंग्यांचं झालं की एक जण वर चढे आणि एक जण टीव्हीसमोर बसे. वरचा ओरडे, “आलं का?” खालचा ओरडे, “आलं... आलं... गेलं! परत फिरव!” अँटेना थोडी डावीकडे वळवायची, सुधारलं तर आणखी वळवायची, बिघडलं तर उलटीकडे. जगातल्या मोठमोठ्या भू-केंद्रांनी वापरलेली एक पद्धत नेमकी हीच आहे. फक्त वर चढणाऱ्याच्या जागी मोटर, टीव्हीसमोर बसणाऱ्याच्या जागी रिसीव्हर, आणि ओरडण्याच्या जागी तार.

ती काड्यांची अँटेनाही लक्षात ठेवा. १९२६मध्ये जपानमधल्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ती जगापुढे आणली. केबल आणि डिश आल्यावर आपण ती भंगारात घातली. उपग्रहांच्या गोष्टीत ती परत येणार आहे.

पळणाऱ्याचा आवाज

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. ८३.६ किलोचा तो गोळा २० आणि ४० मेगाहर्ट्‌झच्या आसपास ‘बीप बीप’ करत होता. साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवरही तो ऐकू येई. वॉशिंग्टनजवळच्या एका प्रयोगशाळेत विल्यम ग्वायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ तो ऐकत बसले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आवाजाची पट्टी हळूहळू उतरते आहे.

रेल्वे फाटकाशी उभं राहिलं की हे आपणही ऐकतो. गाडी जवळ येताना शिट्टी चढी लागते, पुढे निघून गेली की उतरते. रेडिओलहरींचंही तसंच. ती उतरण किती वेगाने होते, हे मोजून त्या दोघांनी स्पुटनिकची कक्षा काढली. ना दुर्बीण, ना रडार. एका जागी बसून, फक्त कानाने. मग कुणीतरी उलटा प्रश्न विचारला. उपग्रहाची जागा ठाऊक असेल, तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? त्यातून अमेरिकी नौदलाची ट्रान्झिट ही उपग्रह-दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली. तुमच्या फोनमधल्या जीपीएसची ती आजी.

१२ डिसेंबर १९६१ रोजी ऑस्कर-१ हा हौशी रेडिओवाल्यांनी स्वतः बांधलेला पहिला उपग्रह वर गेला. तोही रॉकेटमध्ये समतोलासाठी ठेवायच्या वजनाच्या जागी बसून. वजन साडेचार किलोच्या आसपास. मोर्स भाषेत तो फक्त ‘हाय’ म्हणायचा. बॅटरी संपेपर्यंतच्या तीनेक आठवड्यांत २८ देशांतल्या ५७०हून जास्त हौशी लोकांनी त्याचा आवाज ऐकून नोंदी पाठवल्या. उपग्रह ऐकायला सरकार असावं लागत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

उपग्रहाचा राहू

पण पळणाऱ्याकडे मान वळवायची तर तो कधी आणि कुठे उगवणार, हे आधी माहीत हवं. म्हणजे पंचांग हवं. आणि पंचांगाच्या बाबतीत आपल्याला कुणी नवं काही शिकवायची गरज नाही.

कोकणात मुरूड-जंजिऱ्याजवळ नांदगाव आहे. तिथल्या गणेश दैवज्ञाने १५२०च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. त्याचे वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाशाचे वेध घेत. जुन्या सिद्धांतग्रंथांतून काढलेली ग्रहांची जागा आणि डोळ्यांना दिसणारी जागा जुळत नाही, हे बापलेकांनी पाहिलं होतं. गणेशाने दोन कामं केली. गणित आकाशाशी जुळवून घेतलं. आणि ते इतकं सोपं केलं की गावोगावच्या जोशीबुवांना करता यावं. ज्या-चापाची किचकट त्रिकोणमिती त्याने टाळली. दिवसांची मोजदाद फुगू नये म्हणून अकरा-अकरा वर्षांची, म्हणजे ४०१६ दिवसांची चक्रं पाडली. कमी ताकदीच्या हाताला पेलेल असं गणित बसवणं, हेच आज छोट्या मायक्रोकंट्रोलरसाठी प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी करते.

महाराष्ट्राची पंचांगं पुढे काही शतकं ग्रहलाघवावर चालली. पण गणितात राहिलेली तिळाएवढी चूक वर्षागणिक साठत जाते. एकोणिसाव्या शतकात पंचांगातलं आकाश आणि डोक्यावरचं आकाश पुन्हा वेगळं दिसू लागलं. केरूनाना छत्रे यांनी १८६०मध्ये युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टकं’ काढली आणि त्यावरून नवं पंचांग सुरू झालं. वाद भरपूर झाले. सुधारकांचा मुद्दा एका शब्दात होता: दृक्‌प्रत्यय. जे गणिताने येतं, ते डोळ्याला दिसलं पाहिजे.

उपग्रहांचं पंचांग अमेरिकी संरक्षण खात्याची यंत्रणा रडारने वेध घेऊन बनवते. प्रत्येक उपग्रहाच्या वाट्याला दोन ओळी. प्रत्येक ओळीत ६९ अक्षरं. त्यातले आकडे वाचले, तर गणेश दैवज्ञाला अनोळखी वाटले नसते. एक आकडा ‘मध्यम गती’चा आहे, म्हणजे उपग्रह दिवसात किती फेऱ्या मारतो. एक आकडा कक्षा दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना विषुववृत्ताची पातळी कुठे छेदते, ते सांगतो. चंद्राच्या कक्षेतल्या तशाच एका छेदबिंदूला आपण राहू म्हणतो. तर प्रत्येक उपग्रहाला स्वतःचा एक राहू असतो, आणि तो त्या दोन ओळींत लिहिलेला असतो.

या ओळीही शिळ्या होतात, आणि फार लवकर. पाचशे किलोमीटरवरही हवा अगदी विरळ का होईना, असते. ती उपग्रहाला मागे ओढते. सूर्य खवळला की ती फुगते आणि जास्त ओढते. त्यामुळे भाकितातली चूक दिवसागणिक किलोमीटरभर, कधी त्याहून जास्त वाढते. ग्रहलाघव शतकं टिकलं. हे पंचांग आठवड्याभरात बदलावं लागतं.

२०१६

आता महाराष्ट्रातल्या एका वर्षाकडे येऊ.

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ ने एकाच वेळी २० उपग्रह नेले. त्यातला एक होता ‘स्वयम्’: पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, दहा सेंटीमीटर बाजूचा, किलोभराहूनही कमी वजनाचा ठोकळा. आठेक वर्षांत विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी तो एकमेकींच्या हाती सोपवत पूर्ण केला. त्याला दिशा धरायला मोटर नव्हती. आत चुंबक होते. होकायंत्राच्या काट्यासारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेणार होता. हौशी रेडिओच्या पट्ट्यात एका ठिकाणचा निरोप घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोचवणं, हे त्याचं काम.

तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला. वजन दहा किलोच्या आसपास. त्याचा प्रयोग जमिनीवरच्या अँटेनांशिवाय पूर्णच होऊ शकत नव्हता. तो वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजणार होता. रेडिओलहर त्या थरातून येताना तिची कंपनाची पातळी पिळली जाते. खाली एकमेकींना काटकोनात बसवलेल्या दोन यागी अँटेना ठेवल्या, तर पीळ किती ते कळतं. आणि पिळावरून इलेक्ट्रॉन किती ते. आपल्याकडे हा थर विशेष दाट आणि लहरी असतो. त्याचा विषुववृत्ताजवळचा फुगवटा भारतात अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात शिखर गाठतो, आणि जीपीएसच्या आकड्यांत त्याने चूक येते. एक भू-केंद्र या थराची एकच चीर पाहतं. म्हणून ‘प्रथम’च्या मुलांनी इतर कॉलेजांनाही आपापली भू-केंद्रं बांधायला शिकवलं. छपरावरून उतरवलेली दूरदर्शनची अँटेना कॉलेजांच्या गच्च्यांवर परत चढली.

त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला युरोपचं शियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा काही वॅटचा आवाज कोट्यवधी किलोमीटरवरून थेट ऐकला तो जुन्नर तालुक्यातल्या खोडद इथल्या जीएमआरटीने. यान कोसळलं; पण जमिनीवर आदळण्याच्या थोडं आधीपर्यंतचा त्याचा आवाज खोडदला ऐकू आला होता. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० डिश आहेत. पोलादी तारांची विरळ जाळी दोऱ्यांवर ताणल्यासारखी बसवली आहे, म्हणून वारा आरपार जातो आणि एवढी मोठी डिश स्वस्तात उभी राहते. त्यांना वळवणारी यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राने केली.

आता गंमत पाहा. मंगळाजवळचं यान ऐकणारी जीएमआरटीची डिश डोक्यावरून जाणाऱ्या ‘स्वयम्’चा पाठलाग करू शकली नसती. ती मिनिटाला वीस-तीस अंश वळते. मंगळ आभाळात तासाला पंधराच अंश सरकतो. पण पाचशे किलोमीटरवरचा उपग्रह डोक्यावर असताना सेकंदाला जवळपास एक अंश पळतो, म्हणजे मिनिटाला पन्नासहून जास्त. हत्तीने माशी पकडण्याचा प्रकार. तिथे छोटी, हलकी अँटेनाच लागते.

टेंभुर्णीच्या गच्चीवर

अशी अँटेना बांधायला काय लागतं? मोटर दोन. एक क्षितिजाला समांतर फिरवणारी, एक वर-खाली करणारी. बाजारात मिळणारे जपानी रोटेटर एक पुरी चक्कर मिनिटभरात मारतात, पण महाग असतात. अथेन्समधल्या काही मंडळींनी २०१४मध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापता येईल असा रोटेटर बनवला, त्याची सगळी आरेखनं फुकट वाटली, आणि ‘सॅटनॉग्स’ नावाचं जगभरातल्या हौशी भू-केंद्रांचं जाळं उभं राहिलं. आपल्याकडे भंगारातली गाडीची वायपर मोटरही बराच पल्ला गाठते. तिच्या आत वर्म गिअर असतो. मोटर गिअर फिरवते, पण वाऱ्याच्या दाबाने गिअर उलटा सहसा फिरत नाही.

छोट्या अँटेनाचं मोठं सुख म्हणजे तिची नजर रुंद असते. दहा-बारा काड्यांची यागी तीसेक अंशांचा पट्टा पाहते. नेम पाच-सात अंश चुकला तरी बिघडत नाही. आर्वीला ही चैन नव्हती. मात्र रुंद नजर म्हणजे क्षीण कान. आणि पाचशे किलोमीटर उंचीचा उपग्रह क्षितिजावर असतो तेव्हा आपल्यापासून सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर असतो. अंतर पाचपट, म्हणजे आवाज पंचवीसपट कमी. म्हणून सिग्नल मोठा करणारा छोटा अँप्लिफायर अँटेनाच्या अगदी बुडाशी बसवतात. तो खाली खोलीत ठेवला, तर वीस मीटर केबल आधीच निम्मा आवाज खाऊन टाकू शकते.

खरी परीक्षा पाहुणा थेट डोक्यावरून जातो तेव्हा. उत्तरेकडून चढताना अँटेनाचं तोंड उत्तरेला. माथ्यावर आला की पुढच्या क्षणी तोंड दक्षिणेला हवं. आडवी मोटर अर्धी चक्कर मारेपर्यंत सगळ्यात जवळची, सगळ्यात स्पष्ट मिनिटं निघून जातात. उपाय सोपा आहे. आडवं वळायचंच नाही. अँटेना डोक्यावरून पलीकडे झोपवायची. पण हे यंत्राला आधीच सांगून ठेवावं लागतं. तसंच केबलचं. तीन चकरा एकाच दिशेने झाल्या की केबल खांबाला दाव्यासारखी गुंडाळली जाते आणि तुटते.

उत्तर दिशा शोधणं मात्र आपल्याकडे सोपं. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत काही देशांत दहा-वीस अंशांचा फरक असतो. महाराष्ट्रात तो जवळपास नाहीच. फक्त होकायंत्र लोखंडी खांबाला टेकवू नये. पत्र्याच्या छपरालगत अँटेनाही बसवू नये, कारण भोवतालचं लोखंड तिची नजर बिघडवतं. ‘अ‍ॅपल’ हा उपग्रह १९८१मध्ये बैलगाडीवर ठेवलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. ती गरिबी नव्हती. अँटेनाची चाचणी घ्यायला आजूबाजूला लोखंड नको होतं, आणि लाकडी बैलगाडीइतकी सोयीची गाडी दुसरी नव्हती.

वर गेलं की स्पुटनिकच्या वेळचीच उतरण पुन्हा भेटते. ४३७ मेगाहर्ट्‌झवर बोलणारा उपग्रह येताना सुमारे दहा किलोहर्ट्‌झ चढा आणि जाताना तितकाच उतरता ऐकू येतो. संगणक त्याच दोन ओळींच्या पंचांगावरून रिसीव्हरची खुंटी फिरवत राहतो. ऐकण्यापुढे जाऊन स्वतः बोलायचं, तर हौशी रेडिओची सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. वयाची अट किमान बारा वर्षं, म्हणजे सहावी-सातवीचं पोरही बसू शकतं. मराठवाड्यातल्या वळवाच्या विजा पाहता खांबाला अर्थिंग हवंच. त्यात कंजुषी नको.

ऐकणारं कुणी हवं

एवढा खटाटोप कशासाठी? हिशोब मांडू. ध्रुवांवरून जाणारा छोटा उपग्रह एका गावाच्या आभाळात दिवसातून साधारण चार वेळा येतो. सगळे मिळून चाळीसेक मिनिटं. उरलेले तेवीस तास तो त्या गावापुरता मुका. कॉलेजच्या मुलांनी आठ वर्षं राबून बांधलेला उपग्रह रॉकेट वर नेतं. पण वर गेल्यावर त्याचं काय झालं, हे सांगणारं एकच साधन असतं, त्याचा आवाज. एकाच रॉकेटमधून वीस उपग्रह बाहेर पडले की पहिले काही दिवस त्यातला आपला कोणता, हेही पंचांग खात्रीने सांगू शकत नाही. तेव्हा ज्याने ऐकलं, उतरण मोजली आणि नोंद पाठवली, त्याच्यामुळे उपग्रहाची ओळख पटते. इस्रोची मोठी केंद्रं आहेत, पण त्यांचा वेळ देशाच्या मोठ्या मोहिमांसाठी असतो. त्या नाही ऐकल्या, तर छोट्या उपग्रहाची बॅटरी उतरताना, त्याची मान भरकटताना, तो शेवटचं काय बोलला, हे कुणालाच कळत नाही.

म्हणून जागा महत्त्वाच्या. पुण्या-मुंबईच्या आभाळात रेडिओचा गोंगाट फार आहे. मोबाइलचे टॉवर, वायफाय, स्वस्त चार्जर, एलईडी दिवे. उघडं क्षितिज आणि शांत हवा ही आता गावांकडे उरलेली संपत्ती आहे. जुन्नरच्या माळरानाची निवड जीएमआरटीसाठी झाली, त्यात हीच शांतता मोलाची होती. जाफराबाद तालुक्यातल्या सपाट शिवारात उंच इमारती नाहीत, आणि टेंभुर्णीच्या एखाद्या शाळेच्या गच्चीवरून चारही बाजूंचं क्षितिज दिसू शकतं.

अमेरिकी रडारचं पंचांग सगळं जग वापरतं, आपणही वापरतो. त्यात वाईट काही नाही. ग्रहलाघवही सगळे वापरत होते. पण केशव आणि गणेश दैवज्ञांनी जुना ग्रंथ हातात असूनही नांदगावच्या किनाऱ्यावरून वर पाहिलं, म्हणून नवा ग्रंथ झाला. आज रात्रीही टेंभुर्णीवरून अनेक छोटे उपग्रह जातील. त्यांचं उगवणं-मावळणं सेकंदापर्यंत फोनवर दिसेल. दृक्‌प्रत्यय तेवढा उरला आहे.